बेर्नार्दाला ओरडू देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या महाविद्यालयीन गटाने स्पॅनिश नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्काचं 'बेर्नार्दा आल्बाचं घर' बसवायला घेतलंय, दोन आठवडे तालमी झाल्यात आणि सगळं सपाट होतंय. आई ओरडते, मुली मुसमुसतात, धाकटी बंड करते आणि मरते. घरातली हुकूमशाही दिसते, पण अंगावर येत नाही. ती कशी आणायची, आणि बंड खरं कसं वाटावं?

हे नाटक मी दोनदा बसवलंय, आणि शिबिरांमध्ये त्यातले प्रवेश बरीच वर्षं करून घेतोय. पहिल्या वेळी माझ्याकडूनही नेमकं हेच झालं होतं. माझी बेर्नार्दा पहिल्या प्रवेशापासून गरजत होती. तिसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षकांचे कान बधिर झाले आणि शेवटचा 'शांतता!' हा शब्द कुणाला ऐकूच आला नाही. तेव्हा उद्याच्या तालमीला एकच गोष्ट करा. बेर्नार्दाला आवाज चढवायची बंदी घाला. जिच्या एका नजरेने घर गप्प होतं तिला ओरडावं लागत नाही. रंगमंचावर आल्यावर तिचा पहिला उद्गार 'शांतता!' आणि नाटकातला तिचा शेवटचा शब्दही तोच. या दोन शब्दांमध्ये अख्खं नाटक आहे.

आता ती येण्याआधीचा भाग पुन्हा वाचा. बऱ्याच गटांना तो नुसती प्रस्तावना वाटतो आणि ते तो उरकून टाकतात. उन्हाळा आहे, पांढऱ्याशुभ्र भिंतींची खोली रिकामी आहे, बाहेर चर्चच्या घंटा वाजतायत. बेर्नार्दाचा दुसरा नवरा गेलाय, त्याचं क्रियाकर्म चाललंय. समोर दोघीच आहेत, जुनी नोकराणी पोन्सिया आणि हाताखालची मोलकरीण. मालकीण चर्चमध्ये आहे म्हणून पोन्सिया कोठीतलं सॉसेज पावाबरोबर खातेय. तीस वर्षं तिने या बाईच्या चादरी धुतल्या, उष्टं खाल्लं. ती म्हणते, एक दिवस तिला खोलीत कोंडीन आणि वर्षभर तिच्यावर थुंकत बसेन. आणि तीच पोन्सिया मोलकरणीला फरशी आणखी घासायला लावते. मग एक भिकारीण पोरीला घेऊन उरलंसुरलं मागायला येते, तेव्हा मोलकरीण तिला हाकलते, आजचं उरलेलं माझं आहे म्हणते. एकटी पडल्यावर ती मेलेल्या मालकाला शिव्या देते, कारण परसाच्या दारामागे तो तिच्या अंगाशी येत असे. शोक करणाऱ्या बायका आत शिरतात आणि त्याच क्षणी ती त्याच माणसासाठी सगळ्यांत मोठ्याने हंबरडा फोडते.

बेर्नार्दा अजून रंगमंचावर आलेली नाही आणि तरी या घराचा कायदा आपल्याला पाठ झालाय. प्रत्येक बाई तिच्याहून खालच्या पायरीवरच्या बाईला दाबते. काठी बेर्नार्दाच्या हातात असते, पण ती फिरते सगळ्यांकडून. तुमच्या तालमींमध्ये हेच हरवलंय असं मला वाटतं. तुम्ही एक जुलमी आणि पाच बळी असा हिशेब मांडलाय. या घरात प्रत्येकजण कैदीही आहे आणि पहारेकरीही. अभिनेत्रींना 'तू किती सोसतेस?' हे विचारू नका. 'तू कुणावर लक्ष ठेवतेस?' हे विचारा, तालीम लगेच जिवंत होईल.

पाच मुलींची वयं लोर्काने पात्रांच्या यादीतच दिली आहेत: आंगुस्तियास ३९, माग्दालेना ३०, आमेलिया २७, मार्तिरियो २४, आदेला २०. ही वयं पाठ करून घ्या. १८८९ च्या स्पॅनिश दिवाणी संहितेत अशी तरतूद होती की २५ वर्षांखालच्या अविवाहित मुलीला लग्न किंवा मठप्रवेश यांखेरीज आईवडिलांच्या परवानगीशिवाय त्यांचं घर सोडता येत नसे. म्हणजे कायद्याने बांधलेल्या फक्त दोघी, मार्तिरियो आणि आदेला. मग वरच्या तिघींना कुणी धरून ठेवलंय? हा प्रश्न तुमच्या थोरल्या तिघींना द्या आणि उत्तर नाटकाच्या संहितेतून शोधायला लावा.

उत्तराचा मोठा भाग पैसा आहे. आंगुस्तियास पहिल्या नवऱ्याची मुलगी, तिच्या बापाचा पैसा तिच्या नावावर आहे. बाकीच्या चौघींच्या वाट्याला फारसं काही येत नाही. म्हणूनच गावातला पंचवीस वर्षांचा देखणा पेपे एल रोमानो, जो आपल्याला रंगमंचावर एकदाही दिसत नाही, मागणी घालतो ती एकोणचाळीस वर्षांच्या आजारी आंगुस्तियासला. माग्दालेना हे स्पष्ट बोलून दाखवते. आपलं लग्न होणार नाही हे तिला कळून चुकलंय. या अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस बसण्यापेक्षा गिरणीत पोती वाहिलेली बरी, असं ती म्हणते. त्यावर बेर्नार्दाचं उत्तर एका दमात येतं: बाईला सुई-दोरा, पुरुषाला चाबूक आणि खेचर.

दुसरा भाग आहे जातकुळीचा तोरा. हा शब्द मी जाणून वापरतो, कारण आपल्याला तो पटकन कळतो. स्पेनमध्ये आपल्यासारखी जात नव्हती. जमीनदार, शेतमजूर, घराण्याचं रक्त, अब्रू अशी तिथली उतरंड होती. शंभर कोसांत माझ्या मुलींच्या तोलाचा पुरुष नाही, असं बेर्नार्दा म्हणते. मार्तिरियोला एका मुलाने मागणी घातली होती. एका रात्री पहाटेपर्यंत ती खिडकीशी त्याची वाट पाहत उभी राहिली आणि तो आलाच नाही. त्याला येऊ नकोस असा निरोप आईनेच पाठवला होता. का, तर त्याचा बाप शेतमजूर. आपली मुलगी या निरोपाची किंमत तिसऱ्या अंकात मोजणार आहे, हे बेर्नार्दाला कधीच कळत नाही. आठ वर्षांच्या सुतकाची घोषणा होण्याआधीच या मुली कोंडलेल्या होत्या. सुतकाने फक्त बाहेरून कडी लावली.

आठ वर्षं रस्त्यावरचा वारासुद्धा या घरात शिरता कामा नये, दारंखिडक्या विटांनी बुजवल्या आहेत असं समजा. आणि पुढचं वाक्य: माझ्या बापाच्या घरी असंच झालं, आजोबांच्या घरीही असंच. तुमच्या बेर्नार्दाने इथे थांबून हे वाक्य स्वतःच्या कानाने ऐकायला हवं. तीही कधीतरी त्या बंद खिडकीच्या आत बसलेली वीस वर्षांची मुलगी असेल. तिने ते सोसलं आणि त्यातून तिला अधिकार मिळाला. तिला तो अन्याय वाटत नाही, वारसा वाटतो. हे सापडलं की ती खलनायिका राहत नाही, आणि मग ती खरी भयंकर वाटू लागते.

भाषांतराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी माझे कितीतरी दिवस यात गेले. मूळ स्पॅनिशमध्ये मुली आईला आदरार्थी बोलतात. पोन्सिया मात्र, नोकराणी असून, बेर्नार्दाला 'तू' म्हणते. मराठीत आपण आईला 'तू' म्हणतो, आणि नोकराणी मालकिणीला 'बाई, तुम्ही' म्हणेल. आपल्या सवयीप्रमाणे भाषांतर केलं तर सगळं उलटं होतं: मुली आईच्या जवळच्या वाटतात, पोन्सिया लांबची. आणि 'आई, तुम्ही' लिहिलं की सासू-सुनेचं नाटक वाटायला लागतं. मी बराच विचार करून 'तुम्ही'च ठेवलं. पहिली काही मिनिटं ते कानाला टोचलं, मग प्रेक्षकांना अंतर कळलं. तिसऱ्या अंकात आदेला काठी मोडते तेव्हाही मूळ संहितेत ती आईला आदरार्थीच बोलते, आणखी एक पाऊल पुढे टाकू नका, अशा अर्थाने. हात बंड करतोय आणि व्याकरण अजून घाबरतंय. हे 'तू'मध्ये कसं आणणार? तुमची संहिता छापील भाषांतराची असली तर या जागा एकदा तपासून बघा.

पोन्सियाचा 'तू'ही जपा. दोघी साठीच्या आहेत आणि एकमेकींना आतून ओळखतात. दुसऱ्या अंकात पोन्सिया बेर्नार्दाला तोंडावर सांगते की तू मुलींना मोकळं सोडलं नाहीस. त्या घरात एवढं बोलायची हिंमत तिचीच आहे. बेर्नार्दा तिला तिची पायरी दाखवते आणि पोन्सिया गप्प बसते. का गप्प बसते? तिची मुलं बेर्नार्दाच्या शेतात राबतात. माझ्या शिबिरांत या प्रवेशासाठी मी दोघींना समोरासमोर बसवतो, हातात शिवणकाम देतो आणि एकमेकींकडे बघायला मनाई करतो. आवाज आपोआप खाली येतात आणि धमकी दुप्पट होते.

शिवणकामाला क्षुल्लक समजू नका. दुसऱ्या अंकात मुली चादरींवर भरतकाम करत बसल्यात, आंगुस्तियासच्या लग्नासाठी. ज्या पलंगावर त्या कधी झोपणार नाहीत त्याच्या चादरी. बाहेरून कापणीला आलेले मजूर गात जातात, दारं उघडा म्हणत, टोपीवर लावायला गुलाब मागत. आदेला म्हणते, मलाही कापणीवाली होता आलं असतं तर येता-जाता आलं असतं. तुम्ही ध्वनिमुद्रित गाणं वाजवत असाल तर आवाज हळूहळू लांब जाऊ द्या आणि मुलींना त्या दिशेने मानेने वळू द्या, एकदम, जणू एकच अंग आहे. त्या अर्ध्या मिनिटात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

बंडाकडे वळतो. बंड फक्त आदेलाचं आहे असं धरून चालू नका. अंत्यविधीच्या दिवशी आंगुस्तियास तोंडाला पावडर लावते आणि बेर्नार्दा रुमालाने ती खरवडून पुसते. मार्तिरियो पेपेचा फोटो चोरून स्वतःच्या अंथरुणात लपवते. ऐंशी वर्षांची आजी मारिया होसेफा, जिला बेर्नार्दाने वेडी म्हणून कोंडलंय, केसांत फुलं माळून बाहेर पळते आणि मला समुद्राकाठी जाऊन लग्न करायचंय म्हणते. ती सरळ सत्य बोलते, आणि घर तिला वेड ठरवतं. तिसऱ्या अंकात ती कोकरू छातीशी धरून येते, त्याला आपलं बाळ म्हणते. कृपा करून तो प्रवेश विनोदी करू नका. पाचही मुलींचं भविष्य तिथे उभं आहे.

आदेला मात्र पायरी पायरीने चढते. आधी हिरवा पोशाख घालून परसात जाते आणि कोंबड्यांना म्हणते, बघा मला. बघायला माणूस नाही म्हणून कोंबड्या. इथे हसू येतं, आणि ते येऊ द्या. मग पेपेशी रात्रीच्या चोरट्या भेटी. मग दुसऱ्या अंकाचा शेवट: गावातल्या एका अविवाहित मुलीने झालेलं मूल मारून लपवलंय आणि लोक तिला रस्त्यावरून फरफटत नेतायत. बेर्नार्दा म्हणते, पोलीस यायच्या आत संपवा तिला, तिने जिथे पाप केलं तिथे जळता निखारा ठेवा. आदेला स्वतःच्या पोटावर हात धरून 'नको, नको' ओरडते. तो हात प्रेक्षकांना दिसला पाहिजे आणि बेर्नार्दाला दिसता कामा नये. नेपथ्य आणि हालचाली त्या हिशेबाने बसवा.

तिसऱ्या अंकात घोडा भिंतीवर लाथा मारतोय. जेवण चाललंय, बोलणं चाललंय, आणि मधूनच तो आवाज. बेर्नार्दा सांगते, घोड्याला मोकळं सोडा, नाहीतर भिंती पाडेल, घोड्या तबेल्यात बंद करा. जनावराच्या वासनेची ताकद तिला बरोबर कळते, ती त्याला वाट करून देते. शेजारच्या खोल्यांमधल्या पाच शरीरांचं तेच गणित तिला सुचत नाही. तालमीत हा आवाज आला की कुणीही कुणाकडे बघायचं नाही, फक्त चमच्यांचा आवाज थांबेल. आदेला तहान लागली म्हणून उठते. पहिल्या अंकात बेर्नार्दाने या गावाला शिव्या दिल्यात ते आठवा: नदी नसलेलं, विहिरींचं गाव, जिथे पाणी पिताना विषाची भीती असते. ती तहान पाण्याची नाही, हे सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही.

आता काठी. आदेला आईची काठी मोडते आणि या घरातला तुरुंगाचा आवाज संपला असं म्हणते. टाळ्या इथे येतात. त्यानंतर ती म्हणते: माझ्यावर पेपेशिवाय कुणाची सत्ता नाही. पहिल्या प्रयोगात मी हे वाक्य कापलं होतं. मला निखळ बंडखोर हवी होती, आणि त्या वाक्याने ती डागाळते असं मला वाटलं. ती मोठी चूक होती, आणि त्या अभिनेत्रीने मला तेव्हाच तसं सांगितलं होतं. आदेलाचं धाडस खरं आहे. पण तिला स्वातंत्र्याची जी एकमेव भाषा येते ती मालकीची आहे. वीस वर्षांच्या त्या घराने तिला दुसरी शिकवलीच नाही. ती एका धन्याकडून दुसऱ्याकडे निघाली आहे, आणि तो दुसरा धनी घोडीवर बसून पळून जाणार आहे. ते वाक्य अभिमानाने, पूर्ण विश्वासाने म्हणू द्या. दुःख प्रेक्षकांना होईल.

मार्तिरियो नाटकातली सगळ्यांत अवघड भूमिका आहे. तुमच्या गटातल्या सर्वांत चांगल्या अभिनेत्रीला ती द्या, आदेला नव्हे. ती धाकट्या बहिणीला अडवते ते अब्रूसाठी नाही. पेपेवर तिचंही प्रेम आहे आणि ते ती अखेर कबूल करते. आदेला तिला मिठी मारायला जाते, मार्तिरियो तिला दूर लोटते, कारण तिला समोर बहीण दिसत नाही, फक्त दुसरी बाई दिसते. बेर्नार्दा बंदूक घेऊन बाहेर जाते, गोळीचा आवाज होतो, आणि मार्तिरियो आत येऊन सांगते की पेपे एल रोमानो संपला. तो संपलेला नसतो. आदेला त्या एका वाक्यावर गळफास घेते. म्हणजे या मुलीला मारलं बहिणीच्या एका खोट्या वाक्याने. घराची यंत्रणा अशी पूर्ण होते: आईचा नेम चुकला तरी काम होतंच.

'बेर्नार्दाने शेवटी रडावं का?' हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. संहितेत जागा आहे. दार फोडून पोन्सिया आत जाते, किंचाळते, बाहेर येते. बेर्नार्दाही किंचाळून पुढे होते. पोन्सिया सांगते, आत जाऊ नकोस. बेर्नार्दा म्हणते: नाही, मी नाही! एवढंच. ती एक फट. पुढच्या क्षणी माझी मुलगी कुमारिका म्हणूनच मेली, तिला कुमारिकेचा पोशाख घाला, असे हुकूम सुटतात. ही फट जितकी खरी, तितकं नंतरचं 'शांतता' थंड. तिथे अश्रू नकोत. रडायचं ते एकटीने, असं तीच मुलींना बजावते.

तुम्ही विचारलंत, हे स्पेनचा लष्करी हुकूमशहा फ्रांको याच्या राजवटीवरचं रूपक म्हणून करायचं का. तारखा बघा. लोर्काने नाटक १९ जून १९३६ ला पूर्ण केलं आणि मित्रांना वाचून दाखवलं. लष्कराचा उठाव जुलैच्या मध्यात झाला, आणि ऑगस्टमध्ये उठाववाल्यांनी ग्रानादाजवळ त्याला गोळ्या घातल्या. तो ३८ वर्षांचा होता. फ्रांकोची राजवट त्याने पाहिलीच नाही. उलट तेव्हाच्या प्रजासत्ताकाने बायकांना मत दिलं होतं, १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला होता, आणि तरी खेड्यातल्या या घराचं दार उघडलं नव्हतं. नाटकाचं उपशीर्षक आहे 'स्पेनच्या खेड्यांतल्या स्त्रियांचं नाटक', आणि हे तीन अंक छायाचित्रांच्या दस्तऐवजासारखे असावेत अशी सूचना त्याने सुरुवातीलाच लिहून ठेवली. आपल्या बालपणीच्या गावातल्या फ्रास्किता आल्बा नावाच्या शेजारणीच्या घरावरून त्याला बीज सापडलं होतं. पहिला प्रयोग १९४५ मध्ये झाला, तोही स्पेनबाहेर, अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेसला, अभिनेत्री मार्गारिता शिर्गूने केलेला. माद्रिदच्या व्यावसायिक रंगभूमीवर तो यायला १९६४ उजाडलं. तेव्हा भिंतीवर लष्करी टोप्या टांगू नका. घर नीट उभं केलंत तर देश त्यात आपोआप दिसेल.

आणि नाटक कोकणातल्या वाड्यात नेण्याचा तुमचा विचार? गोविंद निहलानींनी 'रुक्मावती की हवेली' या चित्रपटात हे घर राजस्थानात नेलं, उत्तरा बावकरांनी ती बाई उभी केली, आणि ते पटलं. पण १९३६ च्या मराठी वाड्यात न्याल तर एक अडचण आधी सोडवा. बेर्नार्दाची ताकद तिच्या वैधव्यातून येते. नवरा गेल्यावर घर, मुली, पैसा सगळं तिच्या हातात. आपल्याकडे त्या काळच्या उच्चवर्णीय घरात विधवा बहुधा माजघराच्या कोपऱ्यात असायची. हिंदू विधवेला मालमत्तेत हयातीपुरता हिस्सा देणारा कायदाच १९३७ चा. मग तुमच्या वाड्यात काठी कुणाच्या हातात? दीर? सासू? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर करा. नसेल तर स्पेनमध्येच राहा, फक्त गिटार आणि टाळ्यांचं संगीत घालू नका. त्या घरात संगीत बाहेरून येतं.

शेवटची एक वस्तू. आंगुस्तियासच्या बोटात पेपेने दिलेली मोत्यांची साखरपुड्याची अंगठी आहे. आमच्या काळी मोती म्हणजे अश्रू मानत, असं शेजारीण प्रुदेन्सिया म्हणून जाते. आदेला गेली, पेपे पळाला, बेर्नार्दा हुकूम देतेय, पाचांपैकी चार मुली उभ्या आहेत. त्या वेळी आंगुस्तियासने अंगठीचं काय करावं, हे लोर्काने लिहिलेलं नाही. माझ्या एका आंगुस्तियासने ती काढून मुठीत धरली, दुसरीने बोटातच फिरवत ठेवली. तुमच्या मुलीला हे आधी सांगू नका. शेवटच्या तालमीपर्यंत तिला रोज वेगळं करून बघू द्या.